चिंपांझीची भावकी

गोरिला, चिंपांझी आणि माणूस या तिघांची चित्रं कोणासमोरही ठेवा आणि विचारा, यांतले जवळचे नातलग कोणते? बहुतेकांना फार विचार करावा लागत नाही. अंगभर काळे केस, पुढे आलेला जबडा, हाताची बोटं मुडपून जमिनीवर टेकत चालायची तीच ढब. गोरिला आणि चिंपांझी एका घरचे, माणूस तिऱ्हाईत. हे उत्तर साफ चूक आहे. चिंपांझीला गोरिला लांबचा आणि माणूस जवळचा. चिंपांझीने उद्या भावकी जमवायची ठरवली, तर गोरिलाच्या आधी आवतण आपल्याला यायला हवं.

पहिल्यांदा ऐकलं की हे पटत नाही. पण प्राण्यांच्या वर्गीकरणाचा विषय इथेच रंगायला लागतो. कोण कोणासारखा दिसतो आणि कोण कोणाचा लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भावकीतला एखादा हुबेहूब शेजाऱ्यासारखा दिसला, म्हणून त्याचं नाव शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर चढत नाही. तिथे वंशावळच काढावी लागते. आजचं शास्त्रीय वर्गीकरणही वंशावळीवरच चालतं. ज्यांचा सामाईक पूर्वज सगळ्यात अलीकडचा, ते एकमेकांचे सगळ्यात जवळचे. चेहरामोहरा हा त्या पूर्वजापर्यंत पोचायचा एक पुरावा, आणि कधीकधी तो चक्क खोटी साक्ष देतो.

माणूस ज्या मोठ्या गोतावळ्यात मोडतो त्याला मराठीत नरवानर गण म्हणतात. यात आज पाचशेच्या आसपास जाती आहेत. मुठीत मावेल एवढ्या मादागास्करच्या माउस लेमरपासून दीडशे-पावणेदोनशे किलोच्या गोरिलापर्यंत. हा गोतावळा एकत्र बांधायचा पहिला धीट प्रयत्न स्वीडनच्या कार्ल लिनिअसचा, पण त्याच्याही आधी लंडनच्या एका डॉक्टरचं नाव घ्यायला हवं.

एडवर्ड टायसन त्याचं नाव. अंगोलाहून जहाजाने आणलेलं चिंपांझीचं एक पिल्लू लंडनला पोचल्यावर लवकरच मेलं आणि टायसनने ते विच्छेदनाच्या टेबलावर घेतलं. आतडी, स्नायू, मेंदू, हाडं असं सगळं सोडवत त्याने एकेक अवयव माणसाशी आणि माकडाशी ताडून पाहिला. १६९९ साली छापलेल्या पुस्तकात त्याने दोन याद्या दिल्या. ४८ बाबतींत हा प्राणी माकडापेक्षा माणसाच्या जवळ जातो, ३४ बाबतींत माणसापेक्षा माकडाच्या. डार्विनच्या जन्माला अजून ११० वर्षं होती. जनुक नावाची वस्तू कोणाच्या गावीही नव्हती. तरी नुसत्या सुरीने आणि चिकाटीने तो उत्तराच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता. त्या पिल्लाचा सांगाडा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आजही जपून ठेवला आहे.

लिनिअसने १७३५ साली माणसाला थेट वानरांच्या पंगतीत बसवलं आणि त्याच पंगतीत स्लॉथलाही जागा दिली. आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ‘प्रायमेट्स’ हा गण मांडला तेव्हा स्लॉथ बाहेर गेला आणि वटवाघूळ आत आलं. वटवाघूळ का? तर वरच्या जबड्यात पटाशीचे चार दात आणि छातीवर दोन स्तन, ही त्याची कसोटी होती आणि वटवाघूळ ती जवळपास पास होत होतं. दिसण्यावर भिस्त ठेवली की अशी पाहुणे मंडळी घुसतात. पण माणसाच्या बाबतीत तो ठाम होता. १७४७ साली एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने सरळ विचारलं आहे की, माणूस आणि वानर यांच्यातला निसर्गशास्त्राला मान्य होईल असा एक तरी फरक मला दाखवा. आपल्याला तो सापडत नाही, आणि हे मोकळेपणाने मांडलं तर सगळे धर्मपंडित अंगावर येतील, असंही तो त्यात म्हणतो.

आणि तसंच झालं. पुढच्या शास्त्रज्ञांनी माणसाची जागा पुन्हा वेगळी केली. माणूस ‘दोन हातांचा’ आणि बाकी सगळे ‘चार हातांचे’, असे दोन स्वतंत्र गण पाडले गेले. रिचर्ड ओवेनने मेंदूतल्या एका छोट्या उंचवट्याच्या आधारावर माणसाला आणखीच उंच पाटावर बसवलं. तो उंचवटा वानरांच्या मेंदूतही असतो हे दाखवून थॉमस हक्सलेने तो पाट काढून घेतला. त्याचं पुस्तक १८६३ चं.

पण कोणाच्या बाजूने कोण भांडलं यापेक्षा खरी मजा पुराव्यांत आहे, आणि ते पुरावे बघायला कुठल्या संग्रहालयात जायची गरज नाही. ते आपल्या तोंडात, खांद्यात, रक्तात आहेत. बाहेरच्या फांदीवरून आत येत येत ते तपासू.

पहिली वाटणी नाकावर होते. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या जंगलांत लोरिस नावाचा एक काटकुळा, निशाचर प्राणी राहतो. रात्री टॉर्च मारला की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, कारण डोळ्यांमागे उजेड परतवणारा पडदा असतो. त्याच्या नाकाचा शेंडा कुत्र्याच्या नाकासारखा ओलसर असतो. लोरिस आणि मादागास्करचे लेमर ही ओल्या नाकाची शाखा. आपण, वानर, माकडं, गोरिला सगळे कोरड्या नाकाचे. ही वाटणी साठ-सत्तर लाख नव्हे, साठ-सत्तर दशलक्ष म्हणजे सहा-सात कोटी वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही जुनी.

नुसतं नाक असतं तर हा पुरावा लंगडा ठरला असता. त्याला जोड मिळते ती आवळ्याची. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. गाय लिंबू खात नाही आणि तिला स्कर्व्हीही होत नाही. लोरिस आणि लेमरही ते स्वतः बनवतात. आपल्याला मात्र ते आवळ्यातून, लिंबातून, पेरूतून मिळवावं लागतं, कारण ते बनवण्याची शेवटची पायरी पार पाडणारं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. नाहीसं झालेलं नाही, मोडलेलं आहे. त्याचे अवशेष आजही आपल्या आठव्या गुणसूत्रावर पडून आहेत. वानर, माकड, गिबन, चिंपांझी यांच्यातही ते निकामी आहे. म्हणजे बिघाड एकदाच झाला, कोरड्या नाकाच्या सगळ्यांच्या एका पूर्वजात, आणि तो सगळ्या वारसांकडे आला. फळंपानं खाणाऱ्या त्या पूर्वजाचं काहीच अडलं नाही, म्हणून बिघाड टिकला. घराण्यात वारशाने कर्तृत्व येतं तसं कर्जही येतं. वंशावळ काढणाऱ्याला कर्जाचा पुरावा जास्त उपयोगी, कारण तोच बिघाड, त्याच जागी, दोघांना स्वतंत्रपणे होण्याची शक्यता फार कमी.

हीच कसोटी टार्सियरला लावली तेव्हा एक जुना वाद मिटायला मदत झाली. फिलिपिन्स, बोर्निओ, सुलावेसी या बेटांवरचा हा शे-सव्वाशे ग्रॅमचा प्राणी. त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा मोठा असतो. तो डोळा खोबणीत फिरत नाही, म्हणून टार्सियर मानच अर्धवर्तुळात वळवून पाठीमागे बघतो. निशाचर, इवलासा, झाडाला चिकटून बसणारा. दिसायला लोरिसच्याच गटातला, आणि बरीच वर्षं त्याला तिथेच घातलं होतं. पण त्याचं नाक कोरडं आहे, त्याला क जीवनसत्त्व बनवता येत नाही आणि त्याच्या डोळ्यांमागे तो चमकणारा पडदा नाही. रात्री हिंडणाऱ्या प्राण्याकडे तो पडदा का नसावा? कारण त्याचे पूर्वज मधल्या काळात दिवसा वावरू लागले होते, असं मानतात. तेव्हा पडदा गेला. पुढे वंशज पुन्हा रात्रीकडे वळले, पण गेलेली वस्तू परत आली नाही. मग उरला एकच उपाय, डोळेच अवाढव्य करणं. त्या बटबटीत डोळ्यांत त्याच्या घराण्याचा इतिहास लिहिलेला आहे, आणि तो इतिहास सांगतो की टार्सियर लोरिसचा नव्हे, आपल्या बाजूचा.

पुढची वाटणी दातांवर. आपण बत्तिशी दाखवतो म्हणजे ३२ दात दाखवतो. जबड्याच्या प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन, दाढा तीन. चारने गुणा, ३२ भरतात. आपल्याकडच्या काळ्या तोंडाच्या वानराचा जबडा उघडून मोजले, तर तिथेही दोन, एक, दोन, तीन. लाल तोंडाच्या माकडाचं तेच, गोरिलाचं तेच. दक्षिण अमेरिकेतल्या कापुचिन माकडाचे मात्र ३६, कारण त्याला उपदाढा तीन. त्याच खंडातल्या मार्मोसेटचे पुन्हा ३२, पण त्यातली गोम अशी की उपदाढा तीन आणि दाढा दोन. बेरीज जुळते, मांडणी जुळत नाही. दिसण्यावर विसंबणाऱ्याची फसगत होते ती अशी.

या वाटणीतून निघणारी गोष्ट शांतपणे वाचण्याजोगी आहे. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी काही माकडं आफ्रिकेहून दक्षिण अमेरिकेला पोचली. बहुधा वादळात उन्मळून समुद्रात वाहत गेलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून, कारण तेव्हाही मधे अटलांटिक होताच, फक्त आजच्यापेक्षा अरुंद. तिकडे त्यांचं स्वतंत्र घराणं वाढलं. इकडे उरलेल्यांत पुढे वानर, माकडं, गोरिला आणि आपण. आता नातं लावून बघा. देवळाच्या शिखरावर बसलेला वानर ब्राझीलच्या माकडाला जवळचा की तुम्हाला? तुम्हाला. ‘माकड’ ही जर वंशावळीतली एक फांदी धरायची असेल, तर वानर आणि कापुचिन दोघंही तिच्यात हवेत. ते दोघं ज्या जागी एकत्र येतात, तिथून फुटलेल्या फांदीवर आपणही बसलेले आहोत. म्हणजे एक तर आपण माकड, नाही तर ‘माकड’ नावाचं घराणंच नाही. तिसरा पर्याय वंशावळीत नाही.

आपल्या अंगणातल्या दोघांकडेही जरा जवळून बघण्यासारखं आहे. माथेरानला लाल तोंडाच्या टोपीवाल्या माकडाने पर्यटकाच्या हातची चण्याची पुडी पळवली, की ते आधी खात बसत नाही. दोन्ही हातांनी चणे कोंबतं. बघता बघता गालफडं फुगतात, मानेपर्यंत गाठोडी लोंबतात, मग ते सुरक्षित फांदी गाठतं आणि एकेक दाणा बाहेर ढकलून निवांत चावतं. गालातल्या या पिशव्या ही त्याच्या शाखेची खूण. वानराला त्या नसतात. वानर पाला खातो आणि पाल्यासाठी त्याच्याकडे गाय-म्हशींसारखं कप्प्यांचं पोट आहे. पुढच्या कप्प्यात जिवाणू पाला आंबवतात, मागच्या आम्लाच्या कप्प्यात त्या जिवाणूंचंच पचन होतं. जिवाणू फोडणारं लायसोझाइम नावाचं एक प्रथिन असतं. अश्रूंत आणि लाळेत ते आपल्यातही आहे. वानराने ते पोटात कामाला लावलं, गायीनेही लावलं. १९८७ साली अॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी वानराचं आणि गायीचं लायसोझाइम शेजारी ठेवून पाहिलं. आम्लात टिकण्यासाठी दोघांत काही बदल अगदी सारखे झाले होते, एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र. एवढ्या एका प्रथिनावरून कोणी वंशावळ काढली असती, तर वानराची ओढ गायीच्या गोठ्याकडे दिसली असती. म्हणून वर्गीकरण करणारे एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत.

आता शेपटीकडे येऊ. वानर आणि माकडांच्या शाखेपासून अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी एक शाखा फुटली, तिला कपी म्हणतात, शाळेच्या पुस्तकांत एप. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि माणूस. यांच्यात शेपूट नाही. पाठीच्या कण्याच्या टोकाला काही मणके जुळून झालेलं माकडहाड तेवढं उरलं आहे. शेपूट गेली कशी, याचा एक मोठा धागा २०२४ मध्ये हाती आला. आपल्या डीएनएत अॅलू नावाचे सुमारे तीनशे अक्षरांचे तुकडे आहेत. ते स्वतःची नक्कल करून भलत्याच ठिकाणी घुसतात. नरवानर गणात त्यांनी एवढा धुमाकूळ घातला आहे की माणसाच्या डीएनएत त्यांच्या दहा लाखांवर प्रती आहेत. त्यांतली एक प्रत कपींच्या पूर्वजात टीबीएक्सटी या जनुकात घुसली. हे जनुक भ्रूणाच्या मागच्या टोकाची, शेपटीची वाढ सांभाळतं. गंमत म्हणजे ती जनुकाच्या कामाच्या भागात घुसली नाही, मधल्या रिकाम्या भागात घुसली. पण जवळच आधीपासून एक जुना अॅलू उलट्या तोंडाने बसलेला होता. दोघं एकमेकांना चिकटले आणि त्यांच्या मधला कामाचा तुकडा वाचताना गाळला जाऊ लागला. शास्त्रज्ञांनी उंदरांत तसाच बदल घडवला तेव्हा काही उंदरांच्या शेपट्या आखूड झाल्या, काहींच्या नाहीशाच झाल्या. काही पिल्लांत मज्जारज्जूचे दोषही दिसले. शेपूट घालवायची किंमत आपल्या पूर्वजांनी मोजली असावी, आणि काही बाळांत जन्मतः दिसणारे मज्जारज्जूचे दोष हा कदाचित त्याच हिशेबाचा उरलेला भाग असावा.

शेपटीबरोबर खांदाही बदलला. माकड फांदीच्या वरून चार पायांवर चालतं. त्याची छाती अरुंद, खोल, आणि खांद्याची हाडं दोन्ही बाजूंना. कपी फांदीखाली लोंबकळतात. त्यांची छाती रुंद, चपटी, खांद्याची हाडं पाठीवर आणि हात डोक्यावरून गोल फिरणारा. लोकलमध्ये वरची कडी धरून उभा असलेला माणूस हा खांदा वापरतो. भारतात हा खांदा बघायचा तर आसामात जोरहाटजवळच्या होल्लोंगापार अभयारण्यात जावं. तिथे हुलॉक गिबन एका हाताने फांदी सोडतो न सोडतो तो दुसऱ्या हाताने पुढची पकडतो आणि झाडांच्या शेंड्यांवरून झुलत जातो. माणूस सोडला तर भारतात रानात राहणारा कपी तेवढा एकच.

कपींच्या वारशातलं आणखी एक कर्ज डॉक्टरांच्या फाइलीत सापडतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक अॅसिडचं विघटन करणारं एक एन्झाइम असतं. माकडांत आहे. गिबनपासून माणसापर्यंत सगळ्या कपींत त्याचं जनुक निकामी झालं आहे. ज्यांच्या पायाचा अंगठा युरिक अॅसिडने रात्री-अपरात्री ठणकतो, त्यांनी दोष मटणाला द्यावा तसाच त्या प्राचीन पूर्वजालाही द्यावा.

इथपर्यंत फारसं भांडण नाही. खरं भांडण माणूस कपींच्या कुळात नेमका कुठे बसतो यावर झालं आणि त्यातला एक मोठा अंक भारतीय उपखंडात घडला.

हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्या आहेत. तिथल्या एका जीवाश्म कपीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिमने १९१० साली शिवपिथेकस नाव दिलं. १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या एडवर्ड लुइसला आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगरजवळ वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. सुळ्याची जागा छोटी, आकार माणसाच्या वळणाचा. त्याने नाव ठेवलं रामपिथेकस. १९६० च्या दशकात एल्विन सिमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी जोर लावून मांडलं की हाच माणसाच्या थेट घराण्यातला पहिला, सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीचा. पाठ्यपुस्तकांत तो रुळला. आपल्याकडे तर मानवाची सुरुवात शिवालिकमध्ये झाली, असं अभिमानाने शिकवलं गेलं. पण जबडा अर्धाच होता. मधली रेषाच नव्हती, म्हणजे दातांची कमान किती रुंद, हे अंदाजानेच ठरवलेलं.

त्याच काळात काही लोक हाडांऐवजी रक्ताकडे बघत होते. अमेरिकेत मॉरिस गुडमन यांनी एक साधी युक्ती वापरली. एखाद्या प्राण्याला माणसाच्या रक्तातलं प्रथिन टोचलं की त्याच्या अंगात ते ओळखणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती प्रतिपिंडं चिंपांझीच्या, गोरिलाच्या, ओरांगउटानच्या प्रथिनाला किती जोराने धरतात ते मोजायचं. जेवढी पकड घट्ट तेवढं नातं जवळचं. चिंपांझी आणि गोरिला हे ओरांगउटानपेक्षा माणसाच्या जवळचे निघाले. म्हणजे ‘मोठे कपी’ (गिबन सोडून बाकीचे) एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला, ही वाटणीच मोडली. मग १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि लायसोझाइमवाले तेच अॅलन विल्सन यांनी या फरकांवरून काळ काढला. माणूस आणि आफ्रिकी कपी वेगळे झाले ते अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वी. हे खरं असेल, तर १.४ कोटी वर्षांपूर्वीचा रामपिथेकस फक्त माणसाचा पूर्वज असणं शक्यच नव्हतं. हाडवाले चिडले. प्रयोगशाळेत बसून जीवाश्मांवर निकाल देणारे हे कोण?

निकाल शेवटी हाडानेच दिला. १९८० च्या सुमारास पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीमच्याच चमूला शिवपिथेकसचा चेहरा सापडला. जबडाच नव्हे, चेहऱ्याची एक बाजू. डोळ्यांच्या खोबण्या उभट लंबगोल, त्या एकमेकींच्या जवळ, चेहरा बशीसारखा आत गेलेला. हा चेहरा माणसाचा नव्हता, गोरिलाचाही नव्हता. बोर्निओच्या जंगलातल्या ओरांगउटानचा होता. रामपिथेकस हा त्याच शिवपिथेकसच्या लहानखुऱ्या व्यक्तींचा जबडा ठरला आणि ते नाव वापरातून गेलं. पिलबीमने आपलं मत बदललं आणि तसं लिहिलंही. शिवालिकने माणसाचा पूर्वज दिला नाही, पण वंशावळीतली एक फांदी नेमकी कुठे फुटते हे दाखवून दिलं.

डीएनए वाचता यायला लागल्यावर चित्र आणखी बारकाईने उमटलं. ओरांगउटानची शाखा दीड कोटी वर्षांच्या आसपास वेगळी झाली, गोरिलाची ८० लाख ते एक कोटीच्या दरम्यान, आणि माणूस-चिंपांझी ही शेवटची वाटणी ६०-७० लाख वर्षांपूर्वीची. काँगो नदीच्या दक्षिणेचा बोनोबो चिंपांझीपासून फुटला तो याहूनही बराच नंतर, म्हणून तो आपल्याला चिंपांझीइतकाच जवळचा. चिंपांझीचा जनुकसंच २००५ मध्ये जाहीर झाला. अक्षराला अक्षर जुळवलं तर आपल्यात आणि त्याच्यात फरक १.२३ टक्के. वाढलेले, गळलेले तुकडे मोजले तर तो वाढतो, पण क्रम बदलत नाही. इतर मोठ्या कपींना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. हरवलेली जोडी कुठे गेली? आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध ती अक्षरं आहेत जी एरवी फक्त गुणसूत्राच्या टोकाला असतात, तीही समोरासमोर. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळली, तो सांधा १९९१ मध्ये सापडला.

मग दिसण्याचं काय? गोरिला आणि चिंपांझी एकमेकांसारखे दिसतात, कारण बदललो आपण. सरळ उभे राहिलो, केस झडले, जबडा मागे गेला, मेंदू तिपटीने वाढला. एका भावाने शहर गाठून पोशाख, बोली सगळं बदललं, म्हणून चुलतभाऊ सख्खे होत नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण २०१२ मध्ये गोरिलाचा जनुकसंच वाचला गेला आणि एक नवल पुढे आलं. जनुकसंचाच्या सुमारे ३० टक्के भागात नातं वेगळंच लागतं. कुठे माणूस आणि गोरिला जास्त जवळचे, कुठे चिंपांझी आणि गोरिला. कारण असं की जातीची वाटणी होते तेव्हा पूर्वज म्हणजे एक जीव नसतो, हजारो जीवांचा समूह असतो. त्या समूहात एकाच जनुकाच्या अनेक आवृत्त्या फिरत असतात आणि कोणती आवृत्ती कोणाच्या वाट्याला येईल हे सांगता येत नाही. थोड्या काळात दोन वाटण्या झाल्या तर आवृत्त्यांचा गुंता उरतोच.

याचं थक्क करणारं उदाहरण आपल्या रक्तगटात आहे. २०१२ मध्येच एका अभ्यासात दिसलं की ए आणि बी या गटांच्या आवृत्त्या माणूस आणि गिबन वेगळे होण्याच्याही आधीच्या, किमान दोन कोटी वर्षं जुन्या आहेत. चिंपांझींत पुढे ए आणि ओ राहिले, गोरिलांत फक्त बी. म्हणजे तुमचा गट ए आणि सख्ख्या भावाचा बी असेल, तर त्या एका जनुकापुरते तुम्ही भावापेक्षा ए गटाच्या गिबनला जवळचे आहात. जनुकाची वंशावळ एक सांगते, जातीची दुसरी. जातीची वंशावळ ही अशा हजारो जनुकांच्या वंशावळींमधून निघणारी बहुमताची रेघ आहे. ती रेघ पक्की आहे. म्हणूनच आज शास्त्रीय मांडणीत माणूस कपींच्या शेजारी नाही, त्यांच्या आत आहे, आणि चिंपांझीबरोबर त्याची एक वेगळी पोटशाखा आहे. ‘माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?’ हा प्रश्नही मग विरघळतो. आजचं माकड आपला आजोबा नाही, भाऊबंद आहे. आपण वेगळं घर केलं म्हणून भाऊबंदांनी गाव सोडायचं कारण नाही.

उरला प्रश्न पाटीवर नाव काय लिहायचं याचा. गुडमन यांच्या गटाने २००३ मध्ये सुचवलं की चिंपांझीची वेगळी प्रजाती ठेवूच नये, त्यालाही होमोमध्येच घ्यावं. दोन प्रजाती एक केल्या तर जुनं नाव टिकतं असा नियम आहे. होमो हे नाव १७५८ चं, चिंपांझीचं पॅन १८१६ चं. म्हणजे चिंपांझी होमो होईल, आपण पॅन होणार नाही. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलेलं नाही. प्रजातीची हद्द कुठे घालायची हे निसर्ग ठरवत नाही, आपण ठरवतो. कोण कोणाचं, एवढंच निसर्गाने ठरवलेलं आहे.

आज मोठ्या कपींच्या कुळात आठ जाती उरल्या आहेत. ओरांगउटान तीन, गोरिला दोन, चिंपांझी आणि बोनोबो, आणि माणूस. यांतला सुमात्राचा तापानुली ओरांगउटान २०१७ मध्ये स्वतंत्र जात म्हणून ओळखला गेला आणि तेव्हाच त्यांची संख्या आठशेहून कमी होती. आठांपैकी सात जाती संकटग्रस्तांच्या यादीत आहेत. आठवी आठ अब्जांवर गेली आहे. वंशावळ लिहायला घेतली ती याच एकीने, आणि बाकीच्या सगळ्यांची नावं भराभर लिहून झाल्यावर स्वतःचं कुठे घालायचं, यावर ती अडीचशे वर्षं अडून बसली.